एक पायरी जास्त

डबा उघडला, तर आत जेवणाऐवजी लिव्हर.

तळहाताहून थोडं मोठं, गुलाबी, ओलसर, आतून लाल नसा गेलेलं. दुसरी कोणी असती तर तिने कॅन्टीन डोक्यावर घेतलं असतं. पण ही हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागातली टेक्निशियन, माणसांना आतून बघण्यात तिची सात वर्षं गेली होती. तिने बोटाने हलकेच दाबून पाहिलं. सिलिकॉन... काम सफाईदार होतं, डावी बाजू तेवढी जरा चपटी झाली होती. एवढं सगळं तपासून झाल्यावर मग तिच्या लक्षात आलं, की हे इथे आहे म्हणजे आपलं जेवण दुसरीकडे कुठेतरी आहे.

मघाशी शेजारच्या खुर्चीवर एक तरुण घाईघाईने चहा पीत होता. त्याच्याकडेही असाच स्टीलचा डबा होता, आणि जाताना त्याने काउंटरवर तिसऱ्या मजल्यावरची मीटिंगची खोली कुठे, म्हणून विचारलं होतं. तिने झाकण लावलं आणि जिना गाठला.

ती दारात पोचली तेव्हा तो ऐन रंगात आला होता. टेबलाभोवती चार डॉक्टर, मधोमध डबा, आणि हा सांगतोय की या नमुन्यात तुम्हाला खऱ्या लिव्हरच्या रक्तवाहिन्या जशाच्या तशा दिसतील. असं म्हणून त्याने झटक्यात झाकण काढलं. कॅन्सर विभागाच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी चष्मा सारखा केला आणि आत डोकावलं.

"रक्तवाहिन्या दिसत नाहीत," त्या शांतपणे म्हणाल्या. "वाटाणे दिसताहेत."

त्याचा चेहरा असा काही उतरला, की दारात उभ्या असलेल्या तिलाच कसंसं झालं.

"लिव्हर माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

खोलीत हशा पिकला. तो कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला, पण पळून न जाता तिच्याकडे बघून हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जास्त मिटतो, हे तिने टिपलं. त्यात विशेष काही नव्हतं, बारीकसारीक फरक टिपणं हे तिचं कामच होतं. निदान जिना उतरताना तिने स्वतःला असंच समजावलं.

मीटिंग संपल्यावर तो डबा परत करायला खाली आला. तुम्ही किंचाळला कशा नाहीत, असं त्याने विचारलं.

"कशाला किंचाळायचं?" ती म्हणाली. "तब्येत चांगली दिसत होती त्याची."

त्यानंतर त्याने तिथून हलायला हरकत नव्हती. पण तो हलला नाही, आणि तिनेही कामाचं निमित्त काढलं नाही.

तो नळ्या बनवायचा. त्याच्या मामांचा कारखाना होता, सलाइनच्या साध्या नळ्यांचा. त्याच कारखान्याच्या एका कोपऱ्यात हा इंजिनियर भाचा चार वर्षं एकाच नळीमागे लागला होता. केसापेक्षा थोडी जाड, मांडीतल्या रक्तवाहिनीतून आत शिरून थेट लिव्हरमधल्या कॅन्सरच्या गाठीपाशी पोचणारी नळी. तिच्यातून औषधाचे बारीक मणी सोडायचे, म्हणजे ते गाठीतच अडकून बसतात आणि तिथल्या तिथे काम करतात. अशा नळ्या याआधीही होत्या. पण रक्ताची उलटी लाट आली की काही मणी मागे फिरतात आणि भलतीकडे, चांगल्या जागी जाऊन नुकसान करतात. म्हणून याने टोकाशी एक इवलीशी छत्री बसवली होती. ती उघडली की मागचा रस्ता बंद. औषध जायचं तिथेच जाणार. तो हे सांगायला लागला की त्याचे दोन्ही हात छत्री उघडायचे, मिटायचे, पुन्हा उघडायचे. आठवड्याभरात सगळा विभाग त्याला छत्रीवाला म्हणू लागला.

तिलाही विभागाने नाव ठेवलं होतं, कंजूष. ही नळी शरीरात कुठे पोचली, हे डॉक्टरांना समजतं ते चालू एक्स-रेच्या पडद्यावर. चित्र जितकं स्वच्छ हवं तितके किरण जास्त, आणि ते किरण पेशंटच्या, डॉक्टरांच्या, सिस्टरच्या अंगावर. पॅनेलवर किरणांच्या पायऱ्या होत्या, आणि ही बाई कायम तिसरीवर. इतर ठिकाणी पाचव्या-सहाव्या पायरीशिवाय काम होत नसे, हिच्या हाताखाली डोळे तयार झालेले डॉक्टर तिसरीवर भागवायचे. कोणी कुरकुर केली की ती म्हणायची, नीट बघा, दिसेल. आणि खरंच दिसायचं. डॉक्टरबाई नवशिक्या डॉक्टरांना मुद्दाम तिच्याजवळ उभं करायच्या.

छत्रीवाल्याला डॉक्टरबाईंनी तीन चाचण्या दिल्या. सिलिकॉनचं लिव्हर पाण्याच्या टाकीत ठेवायचं, पंपाने लाल पाणी फिरवायचं आणि त्या स्वतः नळी आत घालून पाहणार. अट एकच. छत्री उघडली की नाही, ते पडद्यावर ठळक दिसलं पाहिजे, तेही रोजच्या पायरीवर. न दिसणाऱ्या छत्रीवर भरवसा ठेवून त्या पेशंटच्या अंगात औषध सोडणार नव्हत्या.

पहिल्या चाचणीला पडद्यावर नळी दिसली, टोक दिसलं, छत्रीचा पत्ता नाही. तिच्या काड्या प्लॅटिनमच्या अतिशय बारीक तारांच्या होत्या. जाड कराव्यात तर छत्री ताठ होऊन रक्तवाहिनीला टोचणार. तो चाचरत म्हणाला, "किरण... थोडे वाढवले तर?"

"तर दिसेल," ती म्हणाली. "आणि मग रोज, प्रत्येक पेशंटला, या खोलीतल्या प्रत्येक माणसाला तेवढे जास्त. मी नाही वाढवत."

सगळ्यांना वाटलं, आता वाद होणार.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "दिसायचं काम माझ्या छत्रीचं आहे, तुमच्या मशीनचं नाही."

पुरुषाने भर चारचौघांत, इतक्या सहज 'बरोबर आहे तुमचं' म्हटलेलं तिने फार वेळा ऐकलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना ती बसमध्ये उगीचच हसत होती, आणि समोरच्या बाईला वाटलं की आपल्यालाच हसतेय.

मग तो दर दोन-तीन दिवसांनी नवा नमुना घेऊन यायला लागला. खरं तर नमुने दाखवायला एवढं यायची गरज नव्हती. पण नमुना दाखवायचा म्हणजे चहा आला, चहा म्हणजे अर्धा तास आला. त्याच्या बोटांवर तारांचे बारीक ओरखडे असत. सूक्ष्मदर्शकाखाली बसून तो एकेक काडी हाताने बसवायचा, एका छत्रीला अडीच दिवस. ती विचारायची, कंटाळा येत नाही? तो म्हणायचा, येतो की, पण कंटाळा आला की मी इकडे येतो.

"म्हणजे मी तुमचा विरंगुळा?" ती.

"छे... तुम्ही माझी परीक्षा."

"परीक्षेला कोणी इतक्या आनंदाने येतं का?"

"अभ्यास झालेला असला तर येतं," असं म्हणून तो कपात बघू लागला. कप रिकामा होता.

दुसऱ्या चाचणीला छत्री निम्मी दिसली. तो आशेने तिच्याकडे वळला, तर ती म्हणाली की निम्मी दिसली म्हणजे नाही दिसली. हे बोलताना तिच्या जिवावर आलं होतं. पण आवाजात तिने ते येऊ दिलं नाही.

त्याच दिवशी त्याने तिला सांगितलं, की मामांनी आता स्पष्ट बजावलंय. तिसरी चाचणी शेवटची. जमलं तर ठीक, नाहीतर छत्री कपाटात आणि भाचा सलाइनच्या नळ्यांवर. मामांचं चूक नाही, असंही तो म्हणाला. चार वर्षं त्यांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं. हे सगळं तो हसत सांगत होता, पण या खेपेला त्याचे दोन्ही डोळे सारखेच उघडे होते.

तिसऱ्या चाचणीच्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता. छत्रीवाला छत्री विसरून आला, त्यावरून सिस्टरने त्याची भरपूर टर उडवली. तो हसला, केस पुसले आणि टाकीजवळ जाऊन उभा राहिला. डॉक्टरबाईंनी नळी आत सरकवली. काचेपलीकडे पॅनेलपाशी ती बसली होती. तिसरी पायरी.

"उघडली," तो म्हणाला. छत्री उघडणारा दोरा त्याच्या हातात होता, त्याला ते समजत होतं.

पडद्यावर मात्र काड्या दिसल्यासारख्या वाटायच्या आणि पुन्हा करड्या रंगात बुडून जायच्या. डॉक्टरबाई पडद्याकडे झुकल्या. तिने काचेतून त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघतच नव्हता. डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून, लहान मूल इंजेक्शनची वाट बघतं तसा उभा होता.

आणि तिचं बोट पॅनेलवर हललं. एकच पायरी. तिसरीची चौथी.

छत्री लख्ख दिसली.

"दिसली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सहाच्या सहा काड्या. शाबास."

पडद्याच्या कोपऱ्यात पायरीचा आकडा असतो. तो कोणी बघत नसे, कारण या खोलीत तो कधी बदलतच नसे. खोलीत टाळ्या वाजल्या. काचेपलीकडून त्याने तिच्याकडे बघून दोन्ही हात जोडले, आणि तिने मान खाली घालून पॅनेल पुसायला घेतलं. पॅनेल स्वच्छच होतं.

पहिल्या पेशंटची तारीख ठरली, पुढचा मंगळवार.

ती आपल्या मावशीबरोबर राहायची. आई गेल्यापासून मावशीच तिची आई, मैत्रीण आणि भांडायला हक्काचं माणूस. नऊ वर्षांपूर्वी मावशीला कॅन्सर झाला होता. औषधाने ती वाचली, ठणठणीत झाली. पण ते औषध एका जागी थांबणारं नव्हतं. ते सगळ्या अंगभर फिरलं आणि जाताना तिच्या बोटांच्या टोकांतली जाणीव घेऊन गेलं. तेव्हापासून मावशीच्या स्वेटरची बटणं रोज सकाळी भाची लावायची. मावशी म्हणायची, राजेरजवाड्यांना तरी कुठे असं सुख होतं.

चाचणीनंतरच्या चौथ्या सकाळी तिने मावशीची बटणं लावली, तर एक बटण उरलं आणि काज संपलं.

"चार दिवस बघतेय," मावशी म्हणाली. "पोरगं पास झालं, तारीख मिळाली, आणि तुझं तोंड मात्र सुतकी. काय केलंस गं?"

तिने बटणं सोडली, पुन्हा लावायला घेतली, आणि लावता लावता सगळं सांगून टाकलं. मावशी एरवी दर वाक्याला काहीतरी जोडायची. आज तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"आवडतो तुला," शेवटी ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"हो."

"मला पण आवडायला लागलाय, न बघताच. पण मंगळवारी टेबलावर जी कोण असेल ना, तिच्याही घरी एखादी भाची असेल गं." मावशीने आपली बधिर बोटं तिच्या गालावर ठेवली. "मला हा गाल समजत नाही. मऊ आहे, गरम आहे, काही नाही. तिला समजू दे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने डबाही घेतला नाही, तडक कारखाना गाठला.

कारखान्याचा तो कोपरा तिने तोवर पाहिला नव्हता. खिडकीखाली टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक, भिंतीला एक मोठा पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर चार वर्षांतल्या फसलेल्या छत्र्या तारखेसकट ओळीने टाचलेल्या. दोनशे अकरा. एकही टाकून दिलेली नव्हती. प्रत्येकीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, ही का फसली. एवढं अपयश इतकं नीटनेटकं मांडून त्याच्यासमोर रोज कामाला बसणाऱ्या माणसाबद्दल तिला इतकं भरून आलं, की आपण काय सांगायला आलोय हे आठवून ती दारातच थबकली.

तो तिला बघून हरखला. खुर्ची पुसली, मंगळवारसाठी केलेले नवे नमुने दाखवायला लागला. तिने त्याला थांबवलं.

"त्या दिवशी छत्री दिसली नव्हती," ती म्हणाली. "मी एक पायरी वाढवली."

त्याच्या हातातला चिमटा हातातच राहिला.

"एक पायरी," तो म्हणाला.

"हो."

"तिसरीवर दिसत नव्हती?"

"नव्हती."

तो उठून खिडकीपाशी गेला. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. "चार दिवस," तो पाठमोराच म्हणाला, "चार दिवस मी सगळ्यांना सांगत सुटलोय... मामा पेढे वाटत... कारखान्यातल्या एकेका माणसाला सांगत होते. मी मागितलं नव्हतं हो तुमच्याकडे. पहिल्या दिवशी मागितलं, तुम्ही नाही म्हणालात, त्यानंतर कधी मागितलं? दया आली माझी?"

"दया असती तर पहिल्याच दिवशी आली असती. दुसऱ्या चाचणीलाही आली असती. तोपर्यंत तुम्ही नळीवाले होता. नंतर... नंतर तुम्ही तुम्ही झालात. तुमचा चेहरा पडलेला मला बघवला नसता, म्हणून मी वाढवली. चूक आहे ते. माझ्या कामात याच्याइतकी वाईट चूक नाही. मी आता डॉक्टरबाईंकडे चालले आहे. आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, म्हणून आले."

तिने दाराबाहेर पाऊल टाकलं, तेव्हा मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा," तो म्हणाला. "छत्री माझी आहे. मीपण येतो."

दोघे भिजतच हॉस्पिटलला पोचले.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं, मशीनमधली नोंद उघडून तो आकडा स्वतः पाहिला, आणि मंगळवारची तारीख रद्द केली. आवाज चढवला नाही. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. महिनाभर तिची बदली तळमजल्यावर, हातापायांच्या साध्या एक्स-रेला. त्याला मात्र त्या म्हणाल्या, की मामांना माझं नाव सांगा आणि एक महिना मागा, कारण कल्पना चांगली आहे आणि तुम्ही दोघांनी इथे येऊन ती चांगली ठेवली आहे.

तळमजल्यावर कामाला तोटा नव्हता. घसरलेले, धडपडलेले, दारात बोट सापडलेले. ती एकेकाला नीट बसवायची, हात कसा ठेवायचा ते दाखवायची, आणि रांगेतला प्रत्येक चेहरा एकदा निरखून घ्यायची. आठ दिवस त्यात हवा तो चेहरा नव्हता. मावशीने या काळात त्याचं नावही काढलं नाही, यावरूनच तिला मावशीची काळजी कळत होती.

नवव्या दिवशी रांगेत तो होता. आपल्या नंबराने आत आला, स्टुलावर बसला.

"काय मोडलंय?" तिने विचारलं.

सिनेमातला नायक असता तर त्याने इथे काहीतरी बोलून टाळ्या घेतल्या असत्या. हा इंजिनियर होता.

"काही नाही," तो म्हणाला. "राग होता, आठ दिवस. काल त्याचा कंटाळा आला."

"कंटाळा आला की तुम्ही इकडे येता."

"हो," तो म्हणाला, आणि डावा डोळा जरासा जास्त मिटला.

त्याने खिशातून तीन चाचण्यांची चित्रं काढली. मी तारांकडे बघून बघून आंधळा झालोय, म्हणाला, तुम्ही बघा. नवे एक्स-रे नकोत, तुमचा कंजूषपणा मला माहीत आहे, नुसतं बघा. जेवणाच्या सुट्टीत ती चित्रं तिने खिडकीशी धरली. बराच वेळ बघितल्यावर ती म्हणाली, की सगळ्या काड्या मधून कडेकडे जातात. सुट्या बारीक रेघा डोळा सोडून देतो. पण हाडाची कड कितीही पुसट असली तरी डोळा ती सोडत नाही, कारण ती सलग असते. छत्रीला काठ का नाही?

"काठ घातला तर मिटणार नाही."

"नागमोडी घाला. मिटताना दुमडेल, उघडताना पसरेल."

त्याने चित्रं घाईघाईने गोळा केली आणि दारापर्यंत जाऊन परत आला.

"एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही मला वाढवून दाखवलंत, त्याचा राग होता. पण तुम्ही येऊन सांगितलंत... ते मी कारखान्यातल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय. दोनशे बारावी. का फसली, त्याच्याखाली, कशामुळे वाचली तेही."

एवढं बोलून तो गेला. पुढच्या पेशंटचा हात तिने उलटा ठेवला, आणि पेशंटनेच तो सरळ केला.

सतरा दिवस तो तार वाकवत बसला. पहिल्या चार छत्र्या मिटेनात, पाचवी उघडेना. सहावी मिटली, उघडली, पुन्हा मिटली. चाचणी वरच्या मजल्यावर, दुसऱ्या टेक्निशियनच्या हाताखाली झाली. ती खाली एका आजोबांच्या गुडघ्याचा एक्स-रे घेत होती तेव्हा फोन वाजला. फोनवर डॉक्टरबाई होत्या.

"तिसरीवर दिसली," त्या म्हणाल्या. "मग मी दुसरीवर आणायला लावलं. तिथेही दिसली. महिना संपला तुझा. मंगळवारी पेशंट आहे, पॅनेलवर तू बस."

"मी?" तिचा विश्वास बसेना.

"एकदा चळलेला हात पुन्हा चळताना दहा वेळा विचार करतो. मला तोच हात हवाय."

मंगळवारची पेशंट ही कपडे शिवणारी एक काकू होती. अशा उपचारात भूल जागेपुरतीच देतात, त्यामुळे काकू टेबलावर टक्क जाग्या होत्या आणि सगळ्यांच्या गाऊनच्या शिवणी कशा वाकड्या आहेत ते सांगत होत्या. डॉक्टरबाई नळी पुढे नेत होत्या. छत्रीवाला काचेच्या अलीकडे, तिच्या खुर्चीमागे उभा होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. यावेळी तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिसरी पायरी, आणि डोळे पडद्यावर.

पडद्यावर, माणसाच्या पोटातल्या त्या करड्या धुक्यात, एक पुसट नागमोडी रेघ पसरत गेली, गोल झाली आणि थांबली. इतकी नाजूक गोष्ट इतक्या ठामपणे उभी राहिलेली तिने कधी पाहिली नव्हती.

"उघडली का?" माइकवरून डॉक्टरबाईंनी विचारलं.

"उघडली. सगळीकडून," ती म्हणाली.

औषधाचे मणी निघाले आणि गाठीत जाऊन बसले. एकही मागे फिरला नाही. काकूंनी विचारलं, संपलं का. डॉक्टरबाई म्हणाल्या, संपलं, आणि तुमची हाताची बोटं आम्ही शिवणकामासाठी शाबूत ठेवली आहेत. हे ऐकून काचेमागे तिने पटकन डोळे पुसले.

काकूंना वॉर्डात नेलं. खोली रिकामी झाली. तो अजून तिथेच उभा होता. तिने अंगातला शिशाचा जड एप्रन काढून खुंटीला लावला, आणि वळली तर तो समोर.

"एक विचारायचंय," तो म्हणाला. "पण खरं उत्तर द्यायचं. माझा चेहरा पडला तर... पडू द्यायचा. सवय आहे त्याला."

"विचारा."

"माझ्याशी लग्न कराल?"

पहिल्यांदा तिने त्याला सांगितलं, की मावशी आपल्याबरोबर राहील. तो म्हणाला, त्यांना मी कालच विचारून आलोय. मग ती म्हणाली, की मी एखादी गोष्ट वाईट झाली तर चांगली झाली असं म्हणणार नाही, जन्मभर. तो म्हणाला, दोनशे बाराव्या छत्रीनंतर मला दुसरं काही नकोच आहे. आता तिच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

त्याचा डावा डोळा, उजवा डोळा, सगळाच चेहरा हसत होता. तरी त्याने विचारलंच.

"एक पायरी वाढवून नाही ना सांगितलंत?"

"नाही," ती म्हणाली. "दोन कमी करून सांगितलंय."